छातीतील धडधड आणि मनातील धास्ती

फाल्गुनाच्या दिवसांत सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात असतात. अशाच एका सकाळी तीन पिढ्यांची अडत सांभाळणारे एक गृहस्थ सौद्याच्या गर्दीत उभे होते. वय ४६. घरात आणि बाजारात सारेच त्यांना अण्णा म्हणतात. बोली चालू असतानाच त्यांच्या छातीत काहीतरी विचित्र झाले. एक ठोका जणू पडलाच नाही आणि मागून आलेला ठोका घशापर्यंत येऊन आदळला. क्षणभराने पुन्हा तसेच. तळहातांना घाम सुटला, बोटांना मुंग्या आल्या, आणि अण्णा शेजारच्या पोत्यांच्या थप्पीवर टेकले. हमालाने पाणी आणले. पुतण्याने गाडी काढली. अर्ध्या तासात अण्णा रुग्णालयातील खाटेवर होते.

ईसीजी काढला गेला, रक्त तपासले गेले, काही तास निरीक्षणाखाली ठेवले गेले. सारे व्यवस्थित निघाले. पुढे टू-डी इको झाला, पट्ट्यावर चालवून घेतली जाणारी तणाव चाचणी झाली, चोवीस तास छातीवर यंत्र लावून ठोक्यांची नोंद झाली, थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही पाहिले गेले. चोवीस तासांत काही ठोके वेळेआधी पडलेले दिसले. ते निरुपद्रवी आहेत, असे हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले. हृदय निरोगी आहे, हा निष्कर्ष स्पष्ट होता. घरात पेढे आले.

तो आनंद तीन दिवस टिकला. चौथ्या रात्री डाव्या कुशीवर झोपले असता उशीतून ठोके ऐकू येऊ लागले. चोवीस तासांच्या नोंदीत सापडले नाही ते पंचविसाव्या तासाला झाले असेल तर? पंधरवड्यापूर्वीच पलीकडच्या गाळ्यातील, अण्णांच्याच वयाचे एक व्यापारी रात्री झोपेत गेले होते. त्यांनाही काही त्रास नव्हता, असेच सारे म्हणत होते. अण्णांनी कोल्हापुरात दुसरे मत घेतले, पुण्यात तिसरे. उत्तर एकच आले. तपासण्यांची फाईल जाड होत गेली आणि प्रत्येक निर्मळ अहवालानंतरचे समाधान मात्र अधिकाधिक आखूड होत गेले.

सहा महिन्यांत या माणसाचे जग आक्रसले. वरच्या मजल्यावरचे झोपणे जिना नको म्हणून खाली आले. निजामाबाद आणि इरोडच्या बाजारांच्या फेऱ्या पुतण्याकडे गेल्या. मुलाने हौसेने दिलेल्या मनगटी घड्याळात अण्णा तासाला चार वेळा नाडीचा आकडा पाहू लागले. सकाळच्या सामायिकात जपमाळेवर असावयाचे बोट मनगटावर जाऊन बसले. गल्ल्याच्या कप्प्यात एका हितचिंतकाने सुचविलेली, जिभेखाली ठेवावयाची गोळी आली. एकदा घाबरून ती घेतली, तेव्हा डोके ठणकले, घेरी आली आणि धडधड दुप्पट झाली. तो त्या गोळीचाच गुणधर्म होता, हे कळावयास पुन्हा एकदा रुग्णालय गाठावे लागले.

याच काळात त्यांच्या पत्नीला कपाटात एक लहान वही सापडली. देणी, येणी, लॉकरची किल्ली, विम्याचे कागद कोठे आहेत, कोणत्या शेतकऱ्याची पट्टी राहिली आहे, हे सारे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. पहिल्या पानावर दोनच शब्द होते : ‘माझ्या पश्चात’. त्यांनी ती वही होती तेथे ठेवली आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात बराच वेळ पाण्याचा नळ चालू राहिला.

अण्णांना झाले होते तरी काय? ‘काही नाही’ हे उत्तर सोपे आहे, पण खोटे आहे. काही तरी निश्चित होते, मात्र ते हृदयाच्या स्नायूत नव्हते.

निरोगी माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडकते. एवढ्या ठोक्यांत काही ठोके वेळेआधी पडणे ही निरोगी हृदयातही सहज आढळणारी गोष्ट होय. वेळेआधीचा ठोका दुबळा असतो, म्हणून जाणवत नाही. त्यानंतर हृदय क्षणभर अधिक थांबते, त्या अवधीत त्यात अधिक रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात पडतो. म्हणजे ‘ठोका चुकला’ असे वाटते तेव्हा तो चुकलेला नसतो. एक आधी आलेला असतो आणि दुसरा भरभक्कम आलेला असतो. जागरण, अति चहा-कॉफी, तंबाखू, ताण, शरीरात पाणी कमी पडणे, यांनी असे ठोके वाढतात. रक्तातील लोहाची उणीव आणि थायरॉईडचा अतिरेक यांनीही धडधड होते. म्हणूनच पहिली तपासणी नीट झाली पाहिजे.

आता या निरुपद्रवी ठोक्याला भीती येऊन मिळते. मेंदू धोक्याची सूचना देतो, ॲड्रेनालीन रक्तात उतरते, हृदय वेगाने धावू लागते. श्वास भरभर होतो, त्यामुळे रक्तातील कर्बवायू कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. छातीचे स्नायू आखडतात आणि दुखतात. घाबरलेला माणूस या प्रत्येक लक्षणाला हृदयविकाराचा पुरावा मानतो, त्यामुळे भीती वाढते, आणि भीतीने लक्षणे वाढतात. रहाटगाडगे फिरतच राहते. मराठी भाषेला हे नाते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. काळजाचा ठोका चुकतो, काळजात धस्स होते, छातीत धडकी भरते, असे आपण भयाविषयीच बोलतो.

वैद्यकशास्त्राला मात्र हे नाते समजण्यास बराच काळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी (१८६१–६५) फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात डॉ. जेकब मेंडेस दा कोस्टा यांच्याकडे धडधड, छातीतील वेदना, धाप आणि थकवा घेऊन तरुण सैनिक येत असत. हृदयाच्या रचनेत तर दोष दिसत नसे. अशा तीनशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासावर त्यांनी १८७१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हीच लक्षणे पुन्हा मोठ्या संख्येने दिसली. दीर्घ विश्रांतीने हे सैनिक सुधारत नव्हते. डॉ. थॉमस लुईस यांनी त्यांना अंथरुणावरून उठवून टप्प्याटप्प्याने कवायत वाढविण्याची पद्धत अवलंबिली आणि अनेक जण कामावर परतले. पुढे १९४१ मध्ये लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल वूड यांनी आपल्या व्याख्यानांतून या विकाराचे मूळ हृदयात नसून भीतीत आहे, असे साधार मांडले.

रणांगणावरील शूर सैनिकांना जे झाले ते एखाद्या अडत्याला झाले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? अशा रुग्णाची वेदना बनावट नसते. अहवाल खरा असतो आणि त्रासही खरा असतो. वस्तूला एकाहून अधिक बाजू असतात, हे ज्या घरांत लहानपणापासून शिकविले जाते, त्या घरांना तरी ही दोन सत्ये एकत्र नांदताना पाहणे अवघड जाऊ नये.

अण्णांच्या बाबतीत वळण आले ते त्यांच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे. एके दिवशी अण्णा चौथ्या तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी मागावयास गेले. डॉक्टरांनी फाईल शांतपणे चाळली आणि विचारले, “अण्णा, दुकानात रात्री रोकड किती वेळा मोजता?”

“एकदा. रोजमेळाशी जुळली की वही मिटायची.”

“जुळली असूनही मनात आले, की एखादी नोट राहिली असेल, तर?”

अण्णा हसले. “तसे मोजत बसलो तर पहाट होईल, डॉक्टर. दुकान कधी उघडायचे?”

“मग ही वही जुळून सहा महिने झाले. तुम्ही अजून मोजताच आहात.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, “पण डॉक्टर, शंभर टक्के खात्री कोण देईल?”

“कोणीच नाही,” डॉक्टर म्हणाले. “मलाही कोणी दिलेली नाही. हळदीचा माल घेऊन गोदामात भरता, तेव्हा पुढच्या भावाची खात्री कोण देतो? तरी व्यापार करताच ना?”

या विकाराचे मर्म त्या संवादात आहे. आरोग्याच्या धास्तीने ग्रासलेला माणूस आजार शोधत नसतो, तो खात्री शोधत असतो. नाडी मोजली की घटकाभर बरे वाटते, इंटरनेटवर लक्षणे शोधली की क्षणभर धीर येतो, पत्नीला “मला काही होणार नाही ना?” असे विचारले की थोडी शांती मिळते. पण ही शांती उसनवार आणलेली असते. दर वेळी भय व्याजासह परत येते आणि पुढच्या वेळी अधिक रक्कम मागते. तपासणीने संशय फिटत नाही, उलट शरीराकडे लक्ष अधिक तीक्ष्ण होते. एरवी ज्यांची जाणीवही झाली नसती, असे ठोके मग नगाऱ्यासारखे वाजतात.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. हा लेख वाचून कोणीही छातीतील पहिल्याच वेदनेला ‘मनाचे खेळ’ म्हणू नये. भारतीयांमध्ये हृदयविकार तुलनेने कमी वयात होताना दिसतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, आणि गादीवर बसून जाणारे दिवस यांची त्यात भर पडते. श्रम केल्यावर येणारी आणि थांबल्यावर कमी होणारी छातीतील वेदना, छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डावा हात, जबडा वा पाठ यांकडे सरकणारी कळ, सोबत दरदरून घाम, विश्रांतीतही लागणारी धाप, शुद्ध हरपणे, ही लक्षणे असतील तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये वेदना सौम्य असू शकते, किंवा केवळ थकवा, मळमळ, धाप एवढेच दिसू शकते. घराण्यात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपवासाच्या काळात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांचे वेळापत्रक आधीच ठरवून घ्यावे, कारण निर्जळी उपवासात शरीरातील पाणी घटले की हृदयाची गती वाढतेच. पहिली तपासणी पूर्ण आणि प्रामाणिक व्हावी. तिच्यानंतर मात्र वही मिटण्याचे धैर्य दाखवावे.

ते धैर्य एका दिवसात येत नाही. अण्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने मिरजेच्या एका मानसोपचारतज्ज्ञांची भेट घेतली. प्रथम संकोच होता. ‘मला वेड लागले आहे काय?’ हा प्रश्न त्यांनीही विचारला. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाची, म्हणजेच कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीची, काही सत्रे झाली. काही रुग्णांना सोबत औषधेही लागतात. त्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे जातात आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू व बंद करावयाची असतात. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे हा मात्र मार्ग नव्हे. त्यांची सवय जडते.

समुपदेशनात ठरलेले नियम साधे होते. मनगटी घड्याळ कपाटात गेले. नाडी दिवसातून दोनदाच, पुढे एकदाच, आणि मग अजिबात पाहावयाची नाही. मोबाईलवर लक्षणे शोधणे बंद, आणि व्यायामशाळेत वा मांडवात कोसळणाऱ्या माणसांच्या चित्रफिती पाहणेही बंद. डॉक्टर एकच. त्यांची भेट भय वाटेल तेव्हा नाही, तर ठरलेल्या तारखेला; आधी आठवड्यांनी, मग महिन्यांनी. मधल्या काळात काही जाणवले तर कागदावर लिहून ठेवावयाचे. त्या कागदावरील बहुतेक ओळी भेटीच्या दिवसापर्यंत स्वतःच निरर्थक होऊन गेलेल्या असत. आणि ज्या ज्या गोष्टी भीतीने सोडल्या होत्या, त्या एकेक करून पुन्हा हाती घ्यावयाच्या. पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालणे सुरू झाले, मग आयर्विन पुलापर्यंत, मग पूल ओलांडून पलीकडे. चालताना हृदय वेगाने धडधडे, तेव्हा अण्णा थांबत नसत. श्रमाने वाढलेली गती श्रम थांबल्यावर आपोआप उतरते, हे त्यांचे शरीरच त्यांना रोज शिकवीत होते.

या वाटेवर कुटुंबाची भूमिका नाजूक असते. घरांत दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे थट्टा. “तुम्हाला काही झालेले नाही, उगाच डोक्यात घेता,” असे म्हटले की माणूस त्रास लपवू लागतो आणि एकटा पडतो. दुसरी चूक त्याहून गोड असते, म्हणून ती ध्यानात येत नाही. दर वेळी धीर देणे, दर वेळी नाडी पाहणे, दर वेळी गाडी काढणे, ही माया खरी असली तरी ती भयाला खतपाणी घालते. अण्णांच्या पत्नीला तज्ज्ञांनी एक मधला मार्ग शिकविला. रात्री अण्णांनी विचारले, “काही होणार नाही ना?” की त्या म्हणत, “अहो, भीती वाटते आहे ते दिसतंय मला. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, ते आज पुन्हा द्यायचे नाही असं ठरलंय. मी इथेच आहे.” पहिल्या काही रात्री हे फार कठोर वाटले, दोघांनाही. पुढे प्रश्नच विरळ होत गेला.

व्यापारी घरांत या दुखण्याला आणखी एक कडी असते. दुकानाचे नाव, बाजारातील पत, मुलींची स्थळे यांपायी मनाचा आजार उंबऱ्याबाहेर जाऊ दिला जात नाही. हृदयाची फाईल चारचौघांत दाखविता येते, मनाची दाखविता येत नाही. म्हणून माणसे वर्षानुवर्षे हृदयाच्याच दारात उभी राहतात. वस्तुतः मदत आता हाताशी आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, प्रादेशिक भाषांतूनही.

या भीतीच्या तळाशी मृत्यूचे भय आहे, हे उघड आहे. बारा भावनांत पहिली अनित्य भावना. ती पाठ असते, पण छातीत एक ठोका चुकला की आठवत नाही. तिचा आशय घाबरविण्याचा नाही. सारेच अनिश्चित आहे हे एकदा मान्य केले, की खात्रीच्या मागे धावण्याची गरज उरत नाही, आणि धावण्यात जाणारा वेळ हातात राहतो. अण्णांनी ज्या सहा महिन्यांत मरण टाळण्याचा प्रयत्न केला, त्या सहा महिन्यांत जगणेही टळले होते. धाकट्या मुलीची शाळेतील नाटिका त्यांनी पाहिली नव्हती, कारण सभागृह दुसऱ्या मजल्यावर होते.

पुढच्या पर्युषणानंतर अण्णा सहकुटुंब कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर गेले. अर्ध्या वाटेवर छातीत तो ओळखीचा ठोका आदळला. ते थांबले, कठड्याला हात टेकला. मुलीने वर वळून पाहिले. पत्नी शेजारी उभी राहिली, पण काही बोलली नाही. अण्णांचा हात सवयीने मनगटाकडे गेला आणि मध्येच थांबला. मग ते पुढची पायरी चढले.

ती लहान वही आजही त्यांच्या घरी आहे. त्यांनी ती फाडली नाही. प्रत्येक कर्त्या माणसाने असे टिपण ठेवावेच, ते शहाणपणाचे आहे, असे ते म्हणतात. फक्त पहिल्या पानावरचे दोन शब्द खोडून तेथे ‘घरचा हिशेब’ असे लिहिले आहे. आणि ती कोठे ठेवली आहे, हे आता पत्नीला आणि पुतण्यालाही त्यांनीच दाखविले आहे.